सर्व्हर चालू, डिस्क गायब: घरच्या सर्व्हरचं दर पंधरा दिवसांनी उपटणारं दुखणं

रास्पबेरी पाय (तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसता 'पाय'), जुना लॅपटॉप किंवा सेकंडहँड मिनी पीसी, त्याला यूएसबीने लावलेली एक-दोन टीबीची हार्ड डिस्क, आणि वर डॉकरमध्ये (प्रत्येक ॲप आपापल्या बंद डब्यात, म्हणजे कंटेनरमध्ये, चालवणारी सोय) फाईलींसाठी नेक्स्टक्लाऊड, पिक्चरसाठी जेलीफिन, फोटोंसाठी इमिच असलं काहीतरी. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचा सर्व्हर म्हणजे एवढंच असतं. माझाही तोच आहे, पाय ४ आणि अडीच इंची २ टीबीची डिस्क, टीव्ही युनिटच्या मागे. या सेटअपला एक ठरलेलं दुखणं आहे ते म्हणजे सर्व्हर मजेत चालू असतो आणि डिस्क गायब. माझ्याकडे झालं, मेहुण्याकडे झालं, ऑफिसातल्या दोघांकडे झालं. आता कोणाचा फोन आला की मी पहिला प्रश्न विचारतो, "एसएसएच होतंय का?", म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरवरून सर्व्हरवर लॉगिन होतंय का. समोरचा हो म्हणाला की पुढचं सगळं मला पाठ आहे, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच टाकू. कमांड उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

लक्षणं

यातली दोन-तीन जुळली तर पुढे वाचा:

- पिंग लागतंय (नेटवर्कवर सर्व्हर उत्तर देतोय), एसएसएच होतंय, पण जेलीफिनमध्ये सगळे पोस्टर दिसतात आणि एकही पिक्चर सुरू होत नाही. (पोस्टर मेमरी कार्डावर असतात, पिक्चर डिस्कवर, म्हणून हा चमत्कार.)
- नेक्स्टक्लाऊड उघडलं की डेटा डिरेक्टरी इनव्हॅलिड असं सांगतं, इमिचचा कंटेनर सारखा रीस्टार्ट होत राहतो.
- डिस्कच्या फोल्डरमध्ये फाईलींची यादी बघायला एलएस मारलं की 'इनपुट आऊटपुट एरर' येते, नाहीतर कमांड नुसतीच लटकते, कंट्रोल सी पण ऐकत नाही.
- लिनक्सने काल एसडीए असं नाव दिलेली डिस्क आज एसडीबी झालीय.
- काहीही सेव्ह करायला गेलं की 'रीड ओन्ली फाईल सिस्टीम'.
- डिस्क अर्धी रिकामी आहे पण मेमरी कार्ड अचानक शंभर टक्के भरलंय.
- लाईट जाऊन आली की सर्व्हर बूटच पूर्ण होत नाही, डिस्क काढली की होतो.
- आणि सगळ्यात मोठं लक्षण: रीबूट केलं की सगळं झकास, आणि आठ-पंधरा दिवसांनी परत तेच.

पिंगच लागत नसेल तर तो आजार वेगळा, राऊटरने आयपी बदलला असेल किंवा मेमरी कार्ड गेलं असेल, त्याला हे औषध नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. या प्रकारात सगळे पहिल्यांदा डिस्कला दोष देतात आणि नवीन डिस्क घेऊन मोकळे होतात. माझ्या हाताखालून जेवढ्या केसेस गेल्या त्यात डिस्क खरंच खराब निघाली फक्त एकदा. बाकी सगळीकडे करंट, केबल, नाहीतर आपणच लिहिलेली एक ओळ.

रीबूटला हात लावायच्या आधी

हे पटणार नाही, कारण घरातले तोपर्यंत ओरडत असतात, पण दोन मिनिटं थांबा. डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या (कर्नलच्या) नोंदवहीत, जे काही लिहून आलंय ते रॅममध्ये असतं आणि रीबूट केलं की पुसलं जातं. म्हणजे चोर पकडायला आलेल्या पोलिसांनी आधी फरशी पुसून घ्यायची असा प्रकार. दर वेळी रीबूट करून दर वेळी पुरावा घालवला म्हणूनच माझं हे दुखणं चार महिने चाललं.

तर आधी डीमेसेज, त्याला हायफन कॅपिटल टी लावा म्हणजे सेकंदांऐवजी घड्याळातली वेळ दिसते, आणि आऊटपुट होम फोल्डरमध्ये एका फाईलीत टाकून ठेवा. त्यात काय शोधायचं? 'यूएसबी डिस्कनेक्ट' असेल तर डिस्क वायरीवरून खरोखर सुटली, म्हणजे करंट किंवा केबल. 'रीसेट सुपरस्पीड यूएसबी डिव्हाइस' पुन्हा पुन्हा असेल, सोबत 'यूएएस' ही अक्षरं असतील, तर केबल किंवा ड्रायव्हर. डिस्कनेक्ट नाही, रीसेट नाही, नुसतीच आय-ओ (वाचण्या-लिहिण्याची) एरर आणि तोच तोच सेक्टर नंबर असेल तर मात्र डिस्कवर संशय घ्या. आणि 'अंडरव्होल्टेज डिटेक्टेड' दिसलं तर अर्धं काम झालंच.

दुसरं, वेळ वहीत लिहा. मागच्या तीन-चार वेळच्या वेळा एकाखाली एक आल्या की पुष्कळ गोष्टी आपोआप कळतात. कशा ते पुढे येईल.

तिसरं, कंटेनर थांबवा. का ते एफएसटॅबच्या (बूट होताना कुठली डिस्क कुठल्या फोल्डरवर जोडायची ते लिहिलेली फाईल) भागात.

आधी डिस्कची तब्येत, एक कमांड

हे मी आधी का टाकतोय, तर डिस्क खरंच शेवटचे श्वास मोजत असेल तर पुढच्या सगळ्या काढ-घाल उद्योगात ती जायची. स्मार्टमॉनटूल्स नावाचं पॅकेज टाका आणि स्मार्टसीटीएलने डिस्कचा रिपोर्ट काढा, यूएसबीच्या डिस्कला बऱ्याचदा 'हायफन डी सॅट' हा पर्याय जोडावा लागतो नाहीतर ती ओळखच देत नाही. टेबल मोठं येतं, घाबरू नका, शेवटचा रॉ कॉलम बघायचा आणि त्यातही चारच ओळी: ५, १९७, १९८ आणि १९९.

५ म्हणजे खराब झालेले आणि बदलून टाकलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न येणारे, निर्णय बाकी असलेले सेक्टर, १९८ त्याचाच भाऊ. हे तीनही शून्य असतील तर डिस्क बहुतेक निर्दोष. १९७ शून्याच्या वर असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा, आधी महत्त्वाचं दुसरीकडे कॉपी करा, मग बोलू.

१९९ बद्दल जरा गंमत आहे. जिथे बघाल तिथे लिहिलेलं असतं की १९९ वाढला म्हणजे केबल खराब. बरोबर, पण ती साटाची बाजू, म्हणजे डबीच्या आतली डिस्क आणि तिला लावलेला यूएसबी बोर्ड यांच्यामधली. तुमची बाहेरची यूएसबी केबल कितीही फाटकी असली तरी हा आकडा हलत नाही. त्यामुळे १९९ शून्य आहे म्हणून केबलला क्लीन चिट देऊ नका, मी दिली होती. आणि हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आज जो आहे तो लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढलाय का बघा.

हाताने हलवून बघा, फुकट आहे

अडीच इंची पोर्टेबल डिस्कला जी चपटी रुंद पीन असते ती जगातली सगळ्यात लूज पीन आहे. डिस्क चालू असताना ओढाताण करू नका. नीट अनमाउंट करा (म्हणजे सिस्टीमपासून सोडवा; जोडणं म्हणजे माउंट), काढा, फुंकर मारा, परत घट्ट लावा. डिस्क केबलला लटकत असेल तर तिला सपाट ठेवा. ॲडॅप्टर ज्या बोर्डात आहे तो बघा, पीन सैल आहे का, बोटाने हलवल्यावर पायचा लाल दिवा फडफडतो का.

माझ्याकडचं मूळ इथेच निघालं. वेळा लिहायला लागलो तेव्हा वहीत असं दिसलं: ७:४२, ७:३९, ७:५१, ९:१५. पहिले तीन वार कामाचे, चौथा रविवार. सकाळी पावणेआठला सर्व्हरवर काहीच चालत नाही, बॅकअप रात्री तीनला असतो, क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी सोय) काही नाही. दोन दिवस मी सॉफ्टवेअरमध्येच डोकं घालून बसलो होतो. तिसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉपवर डीमेसेज चालू ठेवून चहा पीत बसलो आणि ७:४४ ला स्क्रीनवर डिस्कनेक्टची ओळ उमटली त्याच सेकंदाला किचनमधून मिक्सरचा आवाज. डब्याची चटणी. रविवारी डबा नसतो म्हणून सव्वानऊ.

टीव्ही युनिट आणि किचनचा ओटा एकाच भिंतीच्या दोन बाजूंना, सॉकेटची लाईन एकच, आणि माझ्या एक्स्टेन्शन बोर्डाची पीन त्या सॉकेटमध्ये सैल. मिक्सर सुरू होताना जो झटक्याने करंट खेचतो त्यात व्होल्टेज क्षणभर खाली जातं, चांगला ॲडॅप्टर ते गिळून टाकतो, पण सैल पीन आणि फुटपाथवरचा ॲडॅप्टर अशी जोडी असेल तर डिस्क सुटते. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आता चटणी पाट्यावर वाटू का?" तशी वेळ आली नाही. वायरमनने ते सॉकेट बदललं, मी एक्स्टेन्शन फेकून ॲडॅप्टर थेट सॉकेटला लावला, आणि सकाळचा त्रास बंद. पूर्ण बंद मात्र नाही, कारण रात्री तीनचा एक प्रकार शिल्लक होता.

करंट पुरतोय का, परत एक कमांड

पाय असेल तर 'व्हीसीजेनसीएमडी गेट थ्रॉटल्ड' ही कमांड मारा, मधे अंडरस्कोअर. उत्तर 'झीरो एक्स झीरो' आलं तर उत्तम. 'झीरो एक्स ५००००' म्हणजे बूट झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं होतं आणि पायने आपला वेग कमी केला होता. 'झीरो एक्स ५०००५' म्हणजे आत्ता या क्षणीही तेच चाललंय. पाय ही तक्रार साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेल्यावर करतो. आता विचार करा, स्वतः पायच अर्धपोटी आहे तर त्याच्या यूएसबीवर लटकलेल्या डिस्कला काय मिळणार.

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो की "माझा तर ६५ वॅटचा मोबाईल चार्जर आहे, कमी कसा पडेल". पडतो. ते ६५ वॅट मोबाईलशी बोलणं करून वाढीव व्होल्टेजवर दिलेले असतात. पाय ४ ला ५ व्होल्टच लागतात आणि ५ व्होल्टला त्याच चार्जरवर बारीक अक्षरात पुष्कळदा २ अँपिअर लिहिलेलं सापडतं. पाय ४ चा अधिकृत ॲडॅप्टर ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा आहे, पाय ५ चा ५.१ व्होल्ट ५ अँपिअर. तो ०.१ जास्तीचा उगाच नाही, केबलमध्ये जे सांडतं त्याची भरपाई आहे. लांब आणि बारीक केबल असेल तर चांगला ॲडॅप्टरसुद्धा फुकट जातो.

दुसरी बाजू डिस्कची. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देऊ शकतात, पाय ५ ला ५ अँपिअरचा ॲडॅप्टर नसेल तर तो सगळ्या पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरवर बांधून ठेवतो. अडीच इंची डिस्कवरच्या लेबलवर बघा, ५ व्होल्टच्या पुढे १ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, आणि थांबलेली तबकडी फिरायला लागते तेव्हा तो खरोखर लागतो. माझं रात्री तीनचं कोडं हेच होतं: डिस्क रिकामी बसून झोपायची, तीनला बॅकअप सुरू झाला की दचकून उठायची, उठताना करंट मागायची, तो मिळायचा नाही आणि मान टाकायची. दिवसा कोणी ना कोणी काहीतरी बघत असायचं म्हणून ती जागी असायची.

उपाय पैशाच्या क्रमाने: आधी योग्य ॲडॅप्टर त्याच्या स्वतःच्या केबलसह. त्याने भागलं नाही तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला यूएसबी हब, पण ढिगाने विकला जाणारा कसलाही घेऊ नका, काही स्वस्त हब उलटा करंट पायमध्ये ढकलतात आणि मग पाय बंद केला तरी दिवा जळतच राहतो. तिसरा पर्याय साडेतीन इंची डिस्क, तिला १२ व्होल्टचा वेगळा ॲडॅप्टर असतोच, पायवर भारच नाही. मी हब घेतला, दोन वर्षं झाली.

लॅपटॉपवाल्यांना यूएसबीचा हा त्रास सहसा होत नाही. त्यांचा त्रास वेगळा, बॅटरी मेलेली असते आणि लाईट गेली की लॅपटॉप त्याच क्षणी बंद.

लाईट आणि इन्व्हर्टर

पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे, गावाकडे वार नसतो एवढाच फरक. डिस्क गायब होण्याच्या वेळा लाईट गेल्या-आल्याच्या वेळांशी जुळत असतील तर इन्व्हर्टर बघा. इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. मेनवरून बॅटरीवर जाताना मधे एक क्षण असा असतो की काहीच नसतं, पंख्याला तो कळत नाही, सर्व्हरला कळतो. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरच्या मागे एक स्विच असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. तो यूपीएसवर टाका, बदली लवकर होते. एवढ्याने मेहुण्याची अर्धी तक्रार गेली, आणि तो स्विच इन्व्हर्टर बसवल्यापासून कोणी बघितलाच नव्हता.

राऊटरसाठी जे छोटे १२ व्होल्टचे मिनी यूपीएस मिळतात त्यांच्यावर पाय लावायचा मोह होतो. त्यातल्या ५ व्होल्टच्या पोर्टवर किती अँपिअर लिहिलंय ते बघितल्याशिवाय लावू नका, पुष्कळांवर २ असतं.

केबल आणि पोर्ट

ॲडॅप्टर ठीक, तरी रीसेट येतायत? मग दोन-अडीचशेची नवीन यूएसबी ३ केबल, लांबी जितकी कमी तितकी चांगली. विकत घेण्याआधी फुकटची परीक्षा आहे: डिस्क निळ्या पोर्टातून काढून काळ्या, म्हणजे यूएसबी २ च्या पोर्टात लावा आणि तुमच्या दुखण्याच्या दोन फेऱ्या होतील एवढे दिवस तशीच राहू द्या. वेग पडेल पण पिक्चर बघायला पुरेल. तेवढ्या दिवसांत काही झालं नाही तर बहुतेक डिस्क ठीक, करंट ठीक, गडबड यूएसबी ३ च्या वेगात, म्हणजे केबल किंवा पुढचा मुद्दा.

जाता जाता, यूएसबी ३ ची वायर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये कचरा करते हे जुनं माहीत असलेलं दुखणं आहे. डिस्क लावली की पायचं वायफाय रडतं असं असेल तर लॅनची वायर टाका, सर्व्हर वायफायवर ठेवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यूएएस

'एलएसयूएसबी हायफन टी' मारा. डिस्कसमोर ड्रायव्हर 'यूएएस' लिहिलंय की 'यूएसबी स्टोरेज'? यूएएस हा नवा आणि जास्त वेगवान मार्ग, पण काही यूएसबी-टू-साटा चिप तो अर्धवटच पाळतात, लोड आला की अडकतात आणि कर्नल त्यांना रीसेट मारत बसतं. तेव्हा त्या एका डिस्कपुरता यूएएस बंद करायचा. साध्या एलएसयूएसबीमध्ये डिस्कच्या ओळीत आयडी दिसतो, चार अक्षरं, कोलन, चार अक्षरं. पायच्या बूट फोल्डरमधल्या कमांडलाईन फाईलमध्ये 'यूएसबी स्टोरेज डॉट क्वर्क्स', मग बरोबरचं चिन्ह, तो आयडी, पुन्हा कोलन आणि यू असं लिहायचं.

सावधान: ती फाईल एकाच ओळीची असते. शेवटी स्पेस देऊन त्याच ओळीत लिहा, एंटर मारलात तर पाय कदाचित बूटच होणार नाही आणि मग कार्ड काढून लॅपटॉपला लावून दुरुस्त करत बसावं लागेल. आधी फाईलची कॉपी करा. यात थोडा वेग जातो आणि एसएसडी असेल तर ट्रिम (मोकळी झालेली जागा एसएसडीला कळवणं) मिळत नाही. आणि हे करंट व केबल बघून झाल्यावरच करा. नेटवर पहिला उपाय म्हणून हाच सांगतात, त्यामुळे लोक इथून सुरुवात करतात, रीसेट जरा कमी होतात, वाटतं जमलं, आणि महिन्याने ताप परत येतो.

एफएसटॅब आणि डॉकर, इथे आपलीच चूक असते

या भागावर जरा जास्त बोलतो, कारण डिस्क सुटणं हा त्रास आहे पण त्यामुळे डेटाचा जो घोळ होतो तो इथे होतो.

एफएसटॅबमध्ये डिस्क एसडीए १ अशा नावाने लिहिली असेल तर आजच बदला. डिस्क क्षणभर सुटून परत आली की ती एसडीबी होऊ शकते, आणि तुमची ओळ रिकाम्या जागेकडे बोट दाखवत बसते. बीएलकेआयडी मारा, यूयूआयडी (डिस्कचा न बदलणारा ओळखक्रमांक) घ्या, तो लिहा. सोबत 'नोफेल' टाका. तो नसेल तर डिस्क सापडली नाही की बूट दीड मिनिट वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं, एसएसएच नाही, काही नाही, स्क्रीन आणि कीबोर्ड शोधा. लाईट आल्यावर सर्व्हर उठत नाही याचं कारण बहुतेक हेच.

पण नोफेल टाकलं की दुसरं दार उघडतं. आता डिस्क नसली तरी सर्व्हर बूट होतो, डॉकर सुरू होतं, आणि कंटेनरला काय माहीत डिस्क आहे की नाही. डिस्क जिथे माउंट व्हायची ते फोल्डर तिथे असतंच, रिकामं, मेमरी कार्डावर. फोन फोटो पाठवतोय, कंटेनर ते आनंदाने त्या रिकाम्या फोल्डरमध्ये लिहितोय. मेहुण्याकडे हे तीन आठवडे चाललं. ६४ जीबीचं कार्ड भरलं, सगळंच बंद पडलं, त्याने रीबूट केलं, डिस्क नीट माउंट झाली आणि तीन आठवड्यांचे फोटो दिसेनासे. पुतण्याच्या बारशाचे फोटो त्यात. त्याचा आवाजच बसला होता फोनवर.

फोटो गेले नव्हते. डिस्क त्या फोल्डरवर येऊन बसली की खालचं झाकलं जातं, जसं सतरंजी अंथरली की फरशीवरचं काही दिसत नाही. डिस्क अनमाउंट करून फोल्डरमध्ये बघितलं तर सगळे तिथेच. अनमाउंट करायचं नसेल तर रूट दुसऱ्या फोल्डरवर बाइंड माउंट करा, त्यातून खालची फरशी दिसते. कार्ड भरलंय आणि कशाने भरलंय कळत नसेल तर पहिल्यांदा इथेच बघा.

हे परत होऊ नये म्हणून: डिस्क अनमाउंट असताना, फोल्डर रिकामं असताना, त्या फोल्डरवर 'सीएचएटीटीआर प्लस आय' मारा. झालं. आता डिस्क नसेल तर त्या फोल्डरमध्ये रूटलासुद्धा काही लिहिता येत नाही, कंटेनर बोंब मारतो आणि तुम्हाला कळतं. डिस्क माउंट असताना काहीच फरक पडत नाही कारण कुलूप खालच्या फोल्डरला आहे. फुकट, दहा सेकंदांचं काम, आणि मला विचाराल तर या सगळ्या पोस्टमधली हीच गोष्ट आज रात्री करून टाका.

आणखी एक पर्याय म्हणजे डॉकरच्या सिस्टिमडी (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिसमध्ये 'रिक्वायर्स माउंट्स फॉर' लिहायचं, म्हणजे डिस्क नसेल तर डॉकर सुरूच होणार नाही. नीटनेटकं आहे, पण माझ्याकडे त्याच डॉकरमध्ये पाय-होल (घरभरच्या जाहिराती अडवणारा डीएनएस सर्व्हर) चालतं, म्हणजे डिस्क गेली की घरभर इंटरनेट बंद. एका डिस्कसाठी सगळ्या घराच्या शिव्या कोण खाणार, मी ते काढून टाकलं. पाय-होल नसेल तर जरूर करा.

आणि डिस्क परत माउंट केली तरी आधीपासून चालू असलेल्या कंटेनरला ती दिसत नाही, तो जुनंच धरून बसतो. कंटेनर रीस्टार्ट करा, उगाच अर्धा तास डोकं खाजवू नका.

फाईल सिस्टीमची दुरुस्ती

एवढ्या वेळा सुटून पडल्यावर फाईल सिस्टीम थोडी विस्कटलेली असतेच, 'रीड ओन्ली' त्यामुळेच येतं, ईएक्सटी ४ (लिनक्सची नेहमीची फाईल सिस्टीम) स्वतःला वाचवायला लिहिणं बंद करते. कंटेनर थांबवा, डिस्क अनमाउंट करा, मग एफएससीके (फाईल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारी कमांड). माउंट असलेल्या डिस्कवर कधीही नाही. सगळ्याला येस म्हणणारा पर्याय लावायच्या आधी एकदा 'हायफन एन' लावून नुसतं काय काय निघतंय ते बघा. दोन-चार ओळी असतील तर करून टाका, शेकडो ओळी सरकत असतील तर थांबा. आणि १९७ शून्याच्या वर असेल तर एफएससीके नकोच, मरायला टेकलेल्या डिस्कला पळायला लावण्यासारखं आहे ते. आधी डीडीरेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर इमेज घ्या आणि दुरुस्ती इमेजवर करा.

डिस्क एनटीएफएस (विंडोजची फाईल सिस्टीम) असेल तर लिनक्सवर खटपट करू नका, विंडोजला लावून चेकडिस्क मारा. मग सवडीने डेटा काढून ती ईएक्सटी ४ करा.

इथे हात वर करायचे

डिस्कमधून ठराविक तालात टक टक येतेय, किंवा फिरायचा प्रयत्न करून थांबतेय: बंद करा, परत चालू करून बघू नका. फ्रिजमध्ये ठेवणं, उघडून बघणं, थापट्या मारणं यातलं काही करू नका. त्यात ज्याची दुसरी कॉपी नाही असं काही असेल तर डेटा रिकव्हरीवाल्याकडे न्या, आणि आपण जितक्या कमी खटपटी केल्या असतील तितकी त्याला आशा जास्त. स्वस्त काम नाही हे. दुसरी कॉपी असेल तर डिस्क बाद करा आणि विषय संपवा. १९७ दर दोन दिवसांनी वाढतोय आणि कॉपी मधेच अडकतेय, तरी हाच नियम.

लॅपटॉपची बॅटरी फुगलीय, टचपॅड वर आलाय, खालचं झाकण बसत नाही: चार्जर काढा, बंद करा, रिपेअरवाल्याकडे न्या. चोवीस तास चार्जिंगवर असलेल्या जुन्या लॅपटॉपमध्ये हे होतं आणि तो कपाटाच्या आत ठेवलेला असतो, म्हणून वर्षातून दोनदा काढून बघाच.

सर्व्हरच्या धातूच्या डबीला हात लावला की झिणझिण्या येतात, बोर्डाची पीन काळी पडलीय, प्लग गरम लागतो, किंवा एखादं मोठं उपकरण लावलं की घरातले दिवे मंद व्हायच्या ऐवजी जास्त उजळतात: हा सर्व्हरचा प्रश्नच नाही. शेवटचं लक्षण न्यूट्रल ढिला असल्याचं असू शकतं आणि त्यात घरातली सगळी उपकरणं जाऊ शकतात. मेन स्विच बंद करून लायसन्स असलेला वायरमन बोलवा, मल्टीमीटर घेऊन स्वतः सॉकेट उघडू नका. मला लिनक्स येतं, वायरिंग येत नाही, म्हणून ते मिक्सरच्या भिंतीचं सॉकेटसुद्धा मी उघडलं नाही.

दुरुस्त झालं हे कसं कळणार

दोन दिवस चाललं म्हणून खूश होऊ नका, दुखणं पंधरा दिवसांचं असेल तर किमान महिना जाऊ द्या. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर ॲडॅप्टर, केबल आणि यूएएस तिन्ही एकदम बदलून ठीक झालं तरी कशाने झालं ते कळत नाही. मी क्रॉनमध्ये पाच मिनिटांनी एक छोटी स्क्रिप्ट ठेवलीय, फाइंडमाउंटने डिस्क जागेवर आहे का बघायचं, नसेल तर डीमेसेज फाईलीत उतरवायचा आणि टेलिग्रामवर एक मेसेज टाकायचा, सहा-सात ओळींचं काम. मेहुण्याकडेही तीच लावलीय, मेसेज माझ्या फोनवर येतो. गेल्या महिन्यात एकदा आला. डीमेसेजमध्ये नुसती एक डिस्कनेक्टची ओळ, व्होल्टेजची तक्रार नाही, रीसेट नाही, वेळ ११:२०. त्याला फोन केला तर तो ऑफिसात, मग घरी लावला तो बहिणीने उचलला. मावशी झाडू मारत होत्या, यूएसबी हबचा प्लग काढून तिथे फोन चार्जिंगला लावला होता.